डबी सापडेपर्यंत

“पण बुवा, डबी आपल्या पायांनी तर चालत गेली नसेल ना?”

यशोधनचा आवाज चढला होता.

बुवा कॉम्प्युटरसमोर उभे होते. काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ उमटली होती आणि पुढे काहीच हलत नव्हतं.

“हे काय म्हणतंय?”

“वाट बघतंय.”

“कुणाची?”

“डबीची. ती जोडलेली नाही, म्हणून हे सुरू होत नाही. थोडा वेळ वाट बघतं आणि हात टेकतं. पुन्हा लावलं की पुन्हा तेच.”

बुवा खाली सतरंजीवर बसले.

“बरं,” ते म्हणाले.

पूर्णेच्या काठी आमचा मठ आहे. बुवा हे आताचे मठाधिपती. त्यांचे गुरू थोरले बुवा, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी त्यांची पुण्यतिथी होती. त्या दिवशी समाधीपुढे कर्णा लावतात आणि थोरल्या बुवांचं निरूपण त्यांच्याच आवाजात ऐकवतात. गावोगावची माणसं येतात. प्रसादासाठी येतात, असं म्हणणारेही आहेत. मी स्वतः प्रसादासाठीच येतो, पण तो आवाज ऐकल्याशिवाय परत जात नाही.

यशोधन पुण्याचा. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून बुवांकडे आला होता. नोकरी सोडल्याचं तो स्वतः विसरत नसे आणि आम्हालाही विसरू देत नसे. पोरगा हुशार, यात वाद नाही. थोरल्या बुवांचा आवाज जुन्या कॅसेटींत होता. त्या कॅसेटींना बुरशी धरली होती. यशोधननं खपून तो सगळा आवाज एका डिस्कवर उतरवला. काळी, तळहाताएवढी वस्तू, कॉम्प्युटरला वायरनं जोडलेली. मठात तिला सगळे डबीच म्हणायचे. मग जीर्ण पोथीचं करतात तसं त्यानं कॅसेटींचं विसर्जन केलं. वाजतगाजत नदीत सोडल्या. आम्ही सगळ्यांनी फुलंही वाहिली होती.

आता डबी नव्हती, आणि कॅसेटी पूर्णेत होत्या.

“काल पोथ्यांना ऊन दाखवलं,” यशोधन सांगू लागला. “ही अख्खी खोली अंगणात काढली होती. माणसांची ये-जा चालली होती. तेव्हाच कुणीतरी वायर उपटली आणि डबी उचलली.”

“यंत्राचं डोकं त्या डबीत असतं का?”

“नाही. डोकं आत आहे. डबीत नुसता साठा.”

“मग अडलंय कशाला?”

“मीच तसं लिहून ठेवलंय.”

“काय?”

“की डबी सापडल्याशिवाय सुरू व्हायचं नाही.”

“असं का लिहिलंस?”

“डबी नसताना हे सुरू झालं आणि कुणी त्यात नवं काही भरलं, तर ते भलतीकडेच जाऊन पडेल. आपल्याला वाटेल डबीत ठेवलं, आणि डबीत काही नसेल. म्हणून.” मग त्यानं मान जरा ताठ केली. “शिवाय ही मठाचीच रीत आहे, बुवा. पंगतीत सगळी माणसं बसून सगळी पानं वाढून झाल्याशिवाय आपल्याकडे कुणी घास उचलत नाही. मी यंत्रालाही तेच शिकवलं.”

“छान शिकवलंस,” बुवा म्हणाले.

ते मनापासून म्हणाले की थट्टा केली, मला कळलं नाही. त्यांचं तसं कधीच कळत नाही.

“आणि ती नसली तरी चालू हो, असं सांगता येत नाही?”

“येतं की. त्या ओळीत एक छोटा शब्द घालायचा. चहा उकळायच्या आत यंत्र चालू होईल.”

“चालू होऊन उपयोग? आत आवाज आहे का?”

“थोरल्या बुवांची शेवटची निरूपणं आहेत. खरखर काढायला म्हणून मी आतच ठेवली होती. उद्यापुरती होतील.”

“मग घाल शब्द.”

“नाही घालणार.”

बुवांनी वर बघितलं.

“आज यंत्र चालू झालं की उद्या आवाज लागेल. लोक ऐकतील, जेवतील, घरी जातील. बाकीची सगळी निरूपणं गेली हे कुणाच्या ध्यानातही राहणार नाही. आणि ज्यानं डबी नेली तो आपल्याच पंगतीत बसून ताक ओरपेल. नाही बुवा. उद्या आवाज लागला नाही तरी चालेल. आधी चोर, मग यंत्र. आणि काम घरातल्याच कुणाचं तरी आहे.”

“कुणाचं?”

यशोधन बोटांवर मोजू लागला. “मांडववाला तार ओढायला आत आला होता. ठकूबाई स्वयंपाकघर सोडून उदबत्ती न्यायला येतात. हे गृहस्थ”, म्हणजे मी, “दिवसभर इथेच लोळत असतात.”

मी लोळत नव्हतो, भिंतीला टेकून बसलो होतो. पण ते असो.

“मी राहिलो की,” बुवा म्हणाले.

“तुमच्यावर कसा संशय घेईन?”

“का रे? काल मीही आत येऊन गेलो.”

बुवांनी खांद्यावरची झोळी काढली आणि त्याच्यापुढे उलटी केली. सतरंजीवर अडकित्ता पडला, जपमाळ पडली, सुपारीची खांडं, खडीसाखरेची पुडी, चष्म्याचं घर.

“अहो बुवा, हे काय!” यशोधन म्हणाला. पण हे म्हणायच्या आधी त्याची नजर सगळ्या वस्तूंवरून फिरून आली होती. मी ती बघितली. बुवांनीही बघितली.

“सापडली? चष्म्याचं घर उघडायचं राहिलं तुझं,” बुवा म्हणाले, आणि एकेक वस्तू झोळीत भरू लागले.

यशोधनचे कान लाल झाले. तो तसाच उठला आणि बाहेर गेला. त्याला आता कुणीतरी हवंच होतं.

आणि कुणीतरी होतं. रखमाजी.

रखमाजी जालन्याकडचा. आधी भंगाराचा धंदा करायचा. बायको गेल्यावर मठात आला, तो परत गेलाच नाही. समाधीची समई घासायची, अंगण झाडायचं, कुणी बोलावलं तर बोलायचं. एकदा तो यशोधनला हसत हसत म्हणाला होता, “तुमच्या असल्या डब्या म्या लई फोडल्या, दादा. आतलं लोहचुंबक लई जबर असतंय. हाताला हिसका देतंय.” तेव्हा यशोधनही हसला होता. त्या दिवशी सकाळी त्याला ते हसणं आठवलं आणि अंगावर काटा आला, असं त्यानंच मला नंतर सांगितलं.

त्यानं रखमाजीचं गाठोडं सोडलं. आत दोन धोतरं, बायकोचा फोटो, आणि सुतळीला बांधलेलं एक लोहचुंबक.

“हे कुठलं?”

“जुनं हाय, दादा. अंगणातले खिळे उचलाया ठेवलंय. मांडववाले टाकून जात्यात, मानसांच्या पायात घुसत्यात.”

“कुठल्या डबीतलं?”

“लई सालं झाली. कसं सांगू?”

ते चुंबक जुनं होतं की नवं, हे बघून कळण्यासारखं नव्हतं. मीही हातात घेऊन बघितलं. काळपट, गुळगुळीत, कुठल्याही वयाचं दिसेल असं. मी ते परत ठेवलं आणि काही बोललो नाही. माझ्याही मनात पाल चुकचुकली होती, खोटं कशाला सांगू?

“चल, हो बाहेर,” यशोधन म्हणाला. “डबी घेऊन ये. डबी मिळाल्याशिवाय मठात पाऊल टाकायचं नाही.”

रखमाजीनं गाठोडं बांधलं. गाठ बांधायला त्याला वेळ लागला. मग तो घाटाच्या वाटेनं खाली उतरून गेला.

बुवा तेव्हा समाधीच्या पूजेला बसले होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

दुपारी पंगत बसली. ठकूबाईंनी सवयीनं सगळ्यांच्या पत्रावळी मांडल्या होत्या, रखमाजीचीही, शेवटच्या खांबाजवळची. वाढायला यशोधन होता. भाताची परात घेऊन तो ओळीनं वाढत आला, शेवटच्या खांबाजवळची पत्रावळ ओलांडली आणि माझ्या पुढ्यात भात घातला. मग वरण आलं, भाजी आली, मीठ-लिंबू आलं. दर खेपेला तो त्या पत्रावळीवरून तसाच पुढे गेला.

श्लोक झाला. आता बुवांनी पहिला घास घ्यायचा, मग आम्ही.

बुवांचा हात मांडीवरच राहिला.

आम्ही वाट बघितली. वरणावर साय धरायला लागली. कुणीतरी खाकरलं.

“भात गार व्हायलाय, महाराज,” ठकूबाई चुलीपासून म्हणाल्या.

“होऊ दे.”

यशोधन परात घेऊन बुवांसमोर येऊन उभा राहिला. “बुवा, सुरू करावं.”

“एक पान कोरं आहे.”

“तो येणार नाही.”

“का?”

“मी त्याला बाहेर काढलंय. त्याच्या गाठोड्यात डिस्कमधलं लोहचुंबक सापडलं.”

“आणि डबी?”

“ती नाही सापडली.”

“हं...”

“त्यानं फोडली असणार, बुवा. तो धंदाच होता त्याचा.”

बुवा शेवटच्या खांबाकडे बघत राहिले. आम्ही सगळे आपापल्या पानाकडे बघत होतो.

“तुम्हाला वाटतं त्यानं नाही नेली?” यशोधननं विचारलं. आता त्याचा आवाज आवरलेला होता.

“मला माहीत नाही.”

“म्हणजे त्यानंच नेली असेल, असंही होऊ शकतं.”

“होऊ शकतं.”

“मग?”

“मग काय? त्यानं नेली असली तरी दुपारी भूक लागतेच की.”

“पण एका माणसासाठी एवढी सगळी माणसं...”

“मी कुठे अडवलंय कुणाला? मठाची रीत आहे. तू तर यंत्रालासुद्धा शिकवलीस.”

परात यशोधनच्या हातात जड झाली असावी, कारण त्यानं ती खाली ठेवली. एक क्षण मला वाटलं, हा आता पुण्याची गाडी धरतो. तो चांगलाच रागावला होता, आणि तो राग कुणावर होता हे त्यालाही ठरवता येत नसावं. मग तो वळला आणि घाटाकडे चालू लागला.

बुवांनी मला खूण केली. मी पानावरून उठून त्याच्या मागे गेलो. भुकेल्या पोटी उठायचं जिवावर आलं होतं, पण बुवांची खूण ती.

रखमाजी घाटाच्या खालच्या पायरीवर बसला होता. पाय पाण्यात, गाठोडं मांडीवर. आम्हाला बघून उभा राहिला.

“चला, जेवायला,” यशोधन म्हणाला.

“डबी गवसली?”

“नाही.”

“मंग न्हाई येत, दादा.”

“अहो, सगळे खोळंबलेत.”

“तुमीच म्हनलात ना, डबी मिळाल्याबिगर पाऊल टाकू नगंस. म्या कुटून आनू डबी? म्या नेलीच न्हाई.” रखमाजीचा आवाज फुटला. त्यानं पाठ फिरवली आणि तोंडावर पाणी मारलं. “आन् नेली असती तरी आनली असती की परत. त्या डबीत थोरल्या महाराजांचा आवाज व्हता. म्याबी ऐकायचो ना त्यो.”

यशोधन उभाच राहिला. समोरच्या काठावर एक बाई धुणं आपटत होती, तेवढाच आवाज. आपलंच वाक्य परत हातात आल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी बघितलं.

त्यानं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटतं, ‘तुम्ही नेली नाही हे मला पटलं’ असं काहीतरी त्याला म्हणायचं होतं. पण ते त्याला पटलेलं नव्हतं, आणि खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

शेवटी तो म्हणाला, “नसली तरी चला.”

रखमाजीनं वळून बघितलं.

“डबी नसली तरी चला, रखमाजीबाबा.”

यशोधननं हात पुढे केला आणि त्याच्या हातातलं गाठोडं घेतलं. आत चुंबक होतं, हे त्याला ठाऊक होतं. गाठोडं त्यानं काखेत मारलं आणि तो पायऱ्या चढू लागला. रखमाजी जरा वेळ थांबला, मग मागोमाग आला.

पंगत तशीच बसलेली होती. बुवांचा हात मांडीवर होता. रखमाजी खांबाजवळ बसला. यशोधननं परात उचलली आणि त्या कोऱ्या पत्रावळीवर भात वाढला, वरण वाढलं, मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली. बुवांनी घास घेतला.

भात पार गार झाला होता, पण चांगला लागला.

जेवणं उरकल्यावर यशोधन हात पुसत खोलीत आला. बुवा सतरंजीवर कलंडले होते. मी आपला भिंतीला टेकून होतो.

तो कॉम्प्युटरसमोर बसला. पडद्यावर अजून तीच ओळ होती. त्यानं काही बटणं दाबली, दुरुस्तीच्या वाटेनं आत शिरला, ती फाइल उघडली. कुठल्या डिस्का जोडायच्या ते तिच्यात लिहिलेलं असतं म्हणे. डबीच्या ओळीत त्यानं तो छोटा शब्द घातला. मला दिसला, पण वाचता आला नाही.

यंत्र बंद करून त्यानं पुन्हा लावलं.

ती ओळ पुन्हा आली. पण या खेपेला यंत्र तिथे अडलं नाही. पुढच्या ओळी भराभर वर सरकल्या, आणि पडद्यावर समाधीचं चित्र उमटलं.

यशोधननं आवाज लावून बघितला.

आधी खरखर आली, मग खोकल्याची उबळ. आणि मग थोरले बुवा बोलले, “या रे, असे पुढे या. मागे जागा राहू द्या, अजून माणसं यायचीत.”

बुवा उठून बसले होते. त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले. माझे डोळे भरून आले. डबीत याच्या कितीतरी पट होतं आणि ते गेलं होतं. पण जे कानावर पडत होतं, ते खरंखुरं होतं.

निरूपण संपल्यावर यशोधननं आवाज बंद केला.

डबी काही सापडली नाही. आम्ही पुढे मठाचा कानाकोपरा धुंडाळला, पोथ्यांची बासनं सोडून बघितली, मांडववाल्याच्या टेम्पोतही डोकावलो. डबी आजतागायत सापडलेली नाही. कुणी नेली हेही कळलेलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी यशोधन खिडकीशी जाऊन उभा राहिला. अंगणात रखमाजी वाकून मांडवाखालून फिरत होता. उद्या येणारी माणसं अनवाणी येतात. सुतळीला बांधलेलं चुंबक तो मातीवरून ओढत होता, आणि मध्येच थांबून त्याला चिकटलेले खिळे काढून खिशात टाकत होता.

यशोधन त्या चुंबकाकडे बघत होता.

“बुवा...”

“बोल.”

“शब्द घातला. त्यांनाही घेऊन आलो. पान वाढलं.”

“हो. बघितलं मी.”

“पण खरं सांगू? संशय काही गेला नाही. त्यांना वाढताना तो माझ्या शेजारीच होता.”

बुवांनी झोळीतून चष्म्याचं घर काढलं, उघडून यशोधनच्या पुढे धरलं, आत चष्म्याखेरीज काही नव्हतं. मग ते मिटून परत ठेवलं.

“असू दे. बसू दे त्यालाही पंगतीत,” ते म्हणाले. “फक्त वाढायला उभं करू नकोस.”